पाणी हलकं झालं तेव्हा

मित्रांनो, तुमच्या पायाखाली राहणारा आणि तुम्ही कधीच न पाहिलेला असा मी एक जुना पाइप आहे. माझी लांबी अवघी वीस फूट. रस्त्याखालच्या मोठ्या पाइपातून एका बैठ्या घराच्या स्वयंपाकघरापर्यंत पाणी पोचवायचं, एवढंच माझं काम. ते मी साठ वर्षं इमानेइतबारे केलं. पण शेवटी माझ्याबद्दल मला जे कळलं, त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

मी शिशाचा आहे. कारखान्यातले कामगार माझं फार कौतुक करायचे. लोखंडासारखा मी गंजत नाही, आणि वाकवताना कुणाची दमछाक होत नाही. मला जमिनीत पुरणारा मिस्त्री म्हणाला होता, "कसा शहाण्या मुलासारखा वळतो बघा! नाहीतर ते लोखंडी, नुसते अडेलतट्टू." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं खूश होतो.

आमच्या वसाहतीला खोल विहिरींचं पाणी येई. चवीला बरं, पण फार जड. म्हणजे त्यात चुन्यासारखे क्षार खूप. किटलीत पांढरी खपली धरे, शॉवरची भोकं बुजत, साबणाला फेस म्हणून येत नसे. माझ्या घरात एक शिवणकाम करणारी आई होती, तिचा बस चालवणारा नवरा, त्याची थोरली बहीण आणि तान्ही गोटी. गोटीची आत्या तोंडाची तिखट. सिंकपाशी उभी राहून ती रोज कुरकुरे, "हे पाणी आहे की पातळ केलेलं सिमेंट? केस धुतले की डोक्यावर झाडू उगवल्यासारखं वाटतं!"

पाण्यातून आणि धातूतून आवाज छान पोचतो, म्हणून मला सगळं ऐकू येई. मी ओशाळून जात असे, कारण माझ्या पोटातही तोच पांढरा थर साचत होता. मला वाटे, आपण आतून बुजत चाललो, म्हातारे झालो.

शेवटी आत्याच कंबर कसून उठली. तिने घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्या. अर्ज गेले, बैठका झाल्या, आणि दोन वर्षांनी वसाहतीला दूरच्या तलावाचं पाणी सुरू झालं. हलकं, काचेसारखं स्वच्छ.

त्या दिवशी घरात नुसता आनंदीआनंद! "अगं, चहावर तवंग नाही बघ!" आत्या ओरडली. गोटीने बादलीभर फेस केला आणि त्यात नाकापर्यंत बुडाली.

मीही सुखावलो. ते हलकं पाणी माझ्या पोटातला पांढरा थर हळूहळू विरघळवू लागलं. मला मोकळं वाटलं. आपण पुन्हा तरुण होतोय, असंच मी समजलो. माझ्यासारखा मूर्ख मीच!

काही महिन्यांनी गोटीचं पोट दुखायला लागलं. ती जेवेना, कशानेही चिडे, खेळता खेळता मलूल होऊन बसे. आई तिला समजावी, "पाणी पी, बाळा. पोट साफ होईल." सकाळी नळ सोडला की पहिलं पाणी ती गोटीसाठी भरी, उकळून, गार करून, झाकून ठेवी. गोटी 'फुलपाखरू' हा शब्द छान म्हणायची. एके दिवशी तिने खिडकीकडे बोट दाखवलं, "फु..." म्हणाली आणि थांबली. आईने पुढचा शब्द सांगितला. गोटी तिच्याकडे नुसती बघत राहिली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आत्या पुन्हा पुन्हा विचारत होती, "शिसं? पोरीच्या रक्तात शिसं येईल कुठून?"

शिसं म्हणजे मी, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माणसाच्या रक्तात माझं काय काम?

जुन्या रंगात शिसं असू शकतं, या डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी खिडक्यांचा जुना रंग खरवडून काढला, रंगीत खेळणी फेकून दिली. महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. शिसं वाढलं होतं.

त्याच आठवड्यात नळाची धार बारीक झाली, म्हणून प्लंबरकाका आले. नळाच्या जाळीत पांढरे कपचे अडकले होते. ते सिंकखाली वाकले, टॉर्च मारला आणि माझ्या अंगावर स्क्रू-ड्रायव्हर घासला. मी चांदीसारखा चकाकलो. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझं खरं रूप पाहिलं, म्हणून मला चक्क अभिमान वाटला.

"वहिनी," काका म्हणाले, "हा तर शिशाचा पाइप आहे."

आईही सिंकखाली वाकली. "काय म्हणालात?"

"शिशाचा. पूर्वी टाकायचे असे."

आईने पुढे होऊन पाण्याचा मुख्य कॉक बंद केला. साठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला घाबरलं होतं.

दुसऱ्या सकाळी पाणीपुरवठा खात्याच्या पाणी तपासणाऱ्या बाई दोन बाटल्या घेऊन आल्या. नळ सोडल्या सोडल्या एक भरली, पाच मिनिटांनी दुसरी. चार दिवसांनी त्या निकाल घेऊन आल्या.

"वसाहतीच्या टाकीवरचं पाणी चांगलंच आहे, दुसऱ्या बाटलीतलंही बरं आहे," त्या म्हणाल्या. "बिघडतंय ते शेवटच्या वीस फुटांत."

वीस फूट. म्हणजे मी.

"जुन्या जड पाण्याने पाइपाला आतून अस्तर घातलं होतं. नव्या पाण्याने ते धुऊन नेलं. आता पाणी उघड्या शिशाला लागतंय. सगळ्यात वाईट सकाळचं पहिलं पाणी, रात्रभर पाइपात साचलेलं. ते कोण पितं?"

"मी गोटीला देते," आई कशीबशी म्हणाली. "पण मी उकळून देते हो!"

"उकळून जंतू मरतात, वहिनी. शिसं जात नाही. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं."

आई सिंकला टेकून फरशीवर बसली. "म्हणजे मीच पाजलं. माझ्या हाताने."

"सह्या मी गोळा केल्या," आत्या म्हणाली. तिचा आवाज मला ओळखूच आला नाही.

बाई त्या दोघींजवळ फरशीवरच बसल्या. "चांगलं पाणी मागणं हा गुन्हा नाही. पाणी बदलण्याआधी जमिनीखाली कोणते पाइप आहेत हे आम्ही बघायला हवं होतं. आम्ही नाही बघितलं."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा काय बोललो असतो? मला माहीत नव्हतं, हे खरं. पण त्याने गोटीचं काय भलं होणार होतं? ज्या थराची मी लाज बाळगली, तोच तिला माझ्यापासून वाचवत होता.

मग सारी वसाहत खडबडून जागी झाली. आत्या पुन्हा दारोदार फिरली, "नळाचं पाणी पिऊ नका, आधी पाइप बघा," असं सांगत. माझ्यासारखे एकतीस निघाले. रस्ता खणला, आम्हाला कापून बाहेर काढलं. पहिल्यांदाच माझ्या पोटात ऊन पडलं.

गोटीवर उपचार झाले. रक्तातलं शिसं उतरलं, भूक परतली. शब्दही येतायत, पण अडखळत. किती भरून निघेल, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

आता माझा वीतभर तुकडा त्या बाईंच्या प्रयोगशाळेत टेबलावर असतो. शाळेची मुलं बघायला येतात. मित्रांनो, तुम्हीही घरी जाऊन विचारा, आपल्या नळामागे कोणता पाइप आहे? पाणी शेवटचं कधी तपासलं, आणि कुठे, टाकीवर की आपल्या नळाला? स्वच्छ दिसतं, गोड लागतं, एवढ्यावर विसंबू नका. मीही चांदीसारखाच चकाकत होतो.

मुलं मला हातात घेतात, वाकवून बघतात, "किती मऊ आहे!" म्हणतात. मला क्षणभर बरं वाटतं.

मग बाई मला काढून घेतात आणि म्हणतात, "बघून झालं ना? आता सगळ्यांनी हात धुवून या. साबण लावून."