तात्पुरती

यार्डाला लागून तीन दगडी इमारती उभ्या होत्या आणि तिन्हींच्या कपाळी एकच शब्द रंगवलेला होता: ‘तात्पुरती’. रूळ टाकणाऱ्या मंडळींनी दिवे, दोर आणि माणसं ठेवायला त्या घाईघाईने बांधल्या. पक्कं, खांबाबिंबांचं कचेरीघर नंतर मोठ्या थाटात उठलं आणि पुरती एक पिढीही न काढता बसलं. म्हणजे अगदी खरोखरच बसलं, पाया खचून! तात्पुरत्या मात्र ठणठणीत. मालगाडीचे डबे एकमेकांना धडकले की आतल्या कपबश्या किणकिणायच्या, यापलीकडे कुरकुर म्हणून नाही.

मधल्या इमारतीच्या माडीवर पेंटर राहायचा, तोही तात्पुरताच. खाली मालगाडीच्या वाघिणींवरच्या ताडपत्र्या शिवणारी बाई आणि तिची आत्या. “दुसरी खोली मिळेपर्यंत राहा,” असं बाई पहिल्या दिवशी म्हणाली होती. त्याने खोली शोधली नाही, तिने विचारलं नाही. बघता बघता तिच्या केसांत चांदी आली, त्याला चष्मा लागला. रोज संध्याकाळी तो तिच्या सुईत दोरा ओवून द्यायचा. तिला म्हणे जवळचं दिसत नसे.

मग नगरपालिकेला जाग आली. इमारती जुन्या आहेत, जपायच्या, असं ठरलं. घरच्या माणसांनी राहावं, पोटभाडेकरूंनी सोमवारपर्यंत खोल्या सोडाव्यात. आणि भिंतीवरची अक्षरं नव्याने रंगवायचं काम मिळालं कुणाला, तर पेंटरलाच. बिचाऱ्याने हसावं की रडावं!

“तेवढा तो ‘तात्पुरती’ पुसून टाका हं,” नगरपालिकेचे साहेब शिडीखालून म्हणाले. “बरं दिसत नाही.”

पेंटरच्या जिवावर आलं. “साहेब, या इमारतींची सगळी हकिकत त्या एका शब्दात आहे. तो पुसला तर उरल्या नुसत्या भिंती.”

साहेब वर बघत राहिले आणि खो खो हसले. “खरंच की! राहू द्या मग.”

ते गेल्यावर पेंटरने त्या शब्दावर नवा रंग चढवला, तशी दारातून आत्या ओरडली, “शब्द राहतोय, माणूस चाललाय. वा रे न्याय!”

आतलं मशीन थांबलं. सुई-दोरा हातात घेऊन बाई बाहेर आली. पेंटर खाली उतरला.

“कुठे जाणार?” तिने विचारलं.

“बघतो कुठेतरी.” सवयीने त्याने सुईसाठी हात पुढे केला.

तिने ती दिली नाही. दोरा ओठांत ओला केला आणि पहिल्याच झटक्यात ओवला.

“म्हणजे तुम्हाला दिसतं?”

“मला कधीचं दिसतंय,” ती म्हणाली. “तुम्हालाच दिसत नव्हतं.”

पेंटरच्या कानशिलापर्यंत आनंद चढला. तो बोलला, पण नेमके डबे धडकले.

“काय? ऐकू नाही आलं.”

“माझ्याशी लग्न कराल का?” तो बेंबीच्या देठापासून ओरडला, आणि नेमकं तेव्हाच यार्ड चिडीचूप झालेलं. हमालांनी शिट्ट्या मारल्या. ड्रायव्हरने तर इंजिनाचा भोंगाच वाजवला.

बाई लाजून लालबुंद झाली. आत्या डोळे पुसत हसत होती.

“करीन,” बाई म्हणाली, “पण तात्पुरतं हं!” आणि तिने वरच्या ओल्या अक्षरांकडे बोट दाखवलं.