मी थिंग, मूळचा सभेतला

मित्रांनो, मी इंग्रजीतला एक जुना शब्द आहे. माझे नाव थिंग. एवढासा दिसतो म्हणून हसू नका. हजार वर्षे तर मी कधीच ओलांडली आहेत.

माझा मूळ अर्थ ‘ठरलेली वेळ’ असावा, असे जाणकार म्हणतात. पुढे ठरल्या वेळी माणसे जमू लागली आणि त्या सभेलाच माझे नाव मिळाले. तिथे भांडणे मिटत, भल्याभल्यांची पाचावर धारण बसे. मग सभेत जिची चर्चा होई ती बाब म्हणजे मी, आणि हळूहळू कोणतीही वस्तू म्हणजे मी! जर्मन आणि डच भाषांत मी डिंग झालो. आइसलँडिक भाषेने माझा जुना मान राखला. तिथे संसदेला आजही माझेच नाव आहे. इंग्रजीत मात्र एखादे नाव आठवले नाही की लोक मलाच पुढे करतात. चमचा मी, खिळा मी, भानगडही मीच. सुरुवातीला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण कामाला मी कधी नाही म्हटले नाही.

इंग्रजी बोलणाऱ्या एका कुलूपवाल्या आजोबांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचे सारे शब्द गेले. तोंडी मी एकटा उरलो. पाणी हवे तरी “थिंग”, खिडकी लावायची तरी “थिंग”. आजी त्यांच्या डोळ्यांकडे बघून बरोबर ओळखायची.

एका दुपारी त्यांचा मुलगा आणि मुलगी आजीला घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. आजोबांना वृद्धाश्रमात ठेवायचे, असे दोघांचे जवळजवळ ठरले होते. आजोबा दाराशी खुर्चीत होते.

“थिंग!” ते ओरडले.

“काय हवंय, बाबा? चष्मा?” मुलीने चष्मा आणून दिला. त्यांनी तो भिरकावला.

“थिंग! थिंग!”

“बघितलंस? त्यांना काही कळत नाही गं,” मुलगा म्हणाला.

आजीचा पारा चढला. “कळत कसं नाही? त्यांचंच ठरवताय आणि त्यांनाच दाराशी बसवलंय! आधी ती खुर्ची इकडे ओढ.”

खुर्ची टेबलाशी आली तसे आजोबा शांत झाले. मुलाने खाली मान घालून विचारले, “बाबा, इथंच राहायचंय?”

“थिंग,” आजोबा हळू म्हणाले आणि त्यांनी आजीचा हात घट्ट धरला. वृद्धाश्रमाचा विषय तिथेच संपला.

मित्रांनो, मी मोठमोठ्या सभा गाजवल्या, पण इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता. म्हणून सांगतो, ज्याच्यापाशी एकच शब्द उरला आहे, त्याचे परस्पर काही ठरवू नका. त्याला विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा.