ओडवारची गिरकी

घरची बिअर करतो त्या आमच्या बिअरघरात पाय ठेवायला जागा नव्हती. पिंप उघडलं की शेजाऱ्यांना चाखायला बोलवायची आमच्याकडे रीत आहे. पण यंदा चाखायला कोणी आलं नव्हतं. सगळे आले होते माझ्या सासऱ्यांना भेटायला, आणि ओडवार, माझे सासरे, वसंतातच वारले होते.

"शांत राहा सगळे," आर्नफिन म्हणाला. पांढराशुभ्र लोकरी स्वेटर, डोळे अर्धे मिटलेले. नुसता हात ठेवून दुखणं उतरवणारा म्हणून खाडीच्या दोन्ही काठांवर त्याचं नाव. हल्ली तो मेलेल्यांशीही बोलायचा, पण ज्या घरचं पिंप अजून फसफसतंय अशाच घरी. "आत्मा ताज्या बिअरमध्येच उतरतो. शिळी झाली की त्याला करमत नाही."

"जिवंतपणीही ओडवारचं तसंच होतं," शेजारचा हल्वोर पुटपुटला.

आर्नफिननं उंच काचेच्या भांड्यात बिअर ओतली आणि सासऱ्यांचा घनतामापक तिच्यात सोडला. काचेची फुगीर नळी, बुडाशी शिसं, मानेवर आकडे. बिअरमध्ये साखर असेल तर नळी वर तरंगते, यीस्टनं साखर खाल्ली की खाली जाते. एकाच आकड्यावर काही दिवस थांबली की समजायचं, झालं, आता बाटल्या भरा.

"ओडवार, आलास का?"

नळी हळूच वर सरकली. सासूबाईंनी ॲप्रनचं टोक तोंडाशी नेलं.

"यीस्ट घालताना यंदा कोणी आरोळी दिली नाही, म्हणून रागावलास?"

नळी आणखी वर. खरंच, यीस्ट जागं करायची ती आरोळी दर वर्षी बाबाच, म्हणजे माझे सासरेच, ठोकायचे. पलीकडच्या काठावर ऐकू जायची.

"भरू का बाटल्या?"

पुन्हा वर. "भरा म्हणतोय," आर्नफिननं डोळे उघडले.

"आई, नळी वर आहे म्हणजे साखर आहे अजून," मी म्हणाले. "आत्ता बुचं मारली तर बाटल्या फुटतील. तळघरात तिरिल खेळते."

"पोरी, तू आकडे वाचतेस. मी माणूस वाचतो."

तिरिल, माझी लेक, माझ्या कडेवर होती. ती घसरत खाली उतरली, बाकावर चढली. "आजोबा असं करतात," ती म्हणाली. नळीची मान चिमटीत धरून तिनं गिरकी दिली.

बुडबुड्यांची झुंबड वर आली आणि नळी खाली गेली. बाबा दर वेळी ही गिरकी द्यायचे. फसफसत्या बिअरचे बुडबुडे काचेला चिकटतात आणि तिला वर उचलतात. ते झाडल्याशिवाय आकडा खरा दिसत नाही. आर्नफिन तेवढंच करत नव्हता.

मी तिरिलचं लिंबूसोड्याचं पेय दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि नळी पुसून त्यात सोडली. "पुसूर, आलास का?"

नळी वर आली. पुसूर, आमचा बोका, माल्टच्या पोत्यावर घोरत होता.

"ह्याचाही आत्मा उतरवला की हिनं," हल्वोर म्हणाला, आणि खसखस पिकली.

"शंकेखोर घरात आत्मा थांबत नाही," म्हणत आर्नफिननं काखेत मेंढीची धुरावलेली तंगडी मारली. ही दक्षिणा तो विसरला नाही. दाराशी हल्वोरच्याच बायकोनं त्याला हळूच गाठलं. "उद्या आमच्याकडे याल ना? आमची अजून फसफसतेय."

सगळे गेल्यावर सासूबाई बाटल्या धुवायला बसल्या.

"आई, पाहिलंत ना?"

"पाहिलं. आंधळी नाही मी."

"मग थांबूया थोडे दिवस. रोज गिरकी देऊन बघू."

"गिरकी दिली की तो जातो," त्या म्हणाल्या आणि पुढची बाटली उचलली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाटल्या भरल्या, बुचं मारली आणि तळघरात ठेवल्या. मी तिरिलची खेळणी तळघरातून वर आणली. तळघराची किल्ली त्यांच्या गळ्यातच राहिली.

आज दुपारी तिरिलला थोपटत होते, तेव्हा पहिला आवाज झाला. सासूबाई तळहात धरून वर आल्या. काच फार खोल गेली नव्हती.

"रागावलाय तो," त्या म्हणाल्या.

"बाबा रागावले नाहीत, आई. साखर उरली होती, तिचा गॅस झाला, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती." मी पट्टी बांधत होते. त्यांनी हात काढून घेतला नाही, पण मानही हलवली नाही.

तुमच्याकडे असा कोणी आला आणि काही आपोआप वर यायला लागलं, तर हात जोडण्याआधी त्याला एक गिरकी द्या. बुडबुडे झडू द्या, मग वाचा. आणि शक्य असेल तर घरातलं माणूस जाण्याआधीच हे शिकून घ्या. नंतर फार अवघड जातं.

खाली दुसरी बाटली फुटली. सासूबाईंनी मान वळवली, दारावर कोणी टकटक केल्यासारखी.

"ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हणाले, आणि त्यांना उठू दिलं नाही.