पाण्याच्या वेळेखालची ओळ

मित्रांनो, भाऊरावांच्या नातीचे, संघमित्राचे लग्न ज्या वर्षी घरातल्या घरात, तोंडाला मास्क लावून झाले, त्या २०२० सालची ही गोष्ट. मी विक्रोळीतल्या एका चाळीचा जुना फळा आहे. मूळचा मी मोडक्या दाराची फळी. सुताराने मला रंधा मारला, काळा रंग दिला आणि जिन्याखाली ठोकले. तेव्हापासून माझ्यावर रोज पाण्याची वेळ लिहिली जाते. ती कधी चुकली नाही, म्हणून चाळीत माझ्या शब्दाला मान होता.

भाऊरावांनी कारखान्यात जन्मभर अंगठाच उठवला. पन्नाशीनंतर लेक जयाने त्यांना माझ्यासमोर उभे करून अक्षरे शिकवली. "पा... णी... सहा वाजता!" असे पहिल्यांदा वाचले तेव्हा आनंदाने त्यांनी माझ्यावर हात फिरवला आणि निम्मी वेळच पुसली.

"झालं! आता चाळ कोरडी राहणार," जया हसली. मी तेव्हा किती फुगलो होतो!

मग साथ आली. चाळीचे सेक्रेटरी कुंडलिक यांनी मोबाईलवर आलेला मजकूर पाण्याच्या वेळेखाली उतरवला : 'बीपीच्या गोळ्या बंद करा. त्यांच्यामुळे विषाणू अंगात लवकर शिरतो.'

भाऊरावांना ती गोळी रोज लागे. त्यांनी विचारले, "कुंडलिक, खरं का रे हे?"

"दहा ग्रुपवर फिरतंय, भाऊराव. खोटं असतं तर एवढे लोक पाठवतील?"

जया भडकली. "काका डॉक्टर कधी झाले, बाबा?" तिने डॉक्टरांना फोन लावला. गोळी सोडू नका, असे त्यांनी बजावले. भाऊरावांनी मान डोलावली, पण खाली येऊन ते मला म्हणाले, "तुझ्यावरच वाचायला शिकलो मी. तू कशाला फसवशील?"

मला तोंड नव्हते. एक ओले फडके पुरले असते. कुणी फिरवले नाही. ते रोज ती ओळ वाचत आणि गोळी गुपचूप खिशात टाकत.

एका सकाळी नळावर त्यांच्या हातून बादली सुटली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. सदऱ्याच्या खिशात गोळ्या सापडल्या. कुंडलिक धावत आले आणि तळहातानेच ती ओळ खसाखसा पुसू लागले.

"आता कशाला पुसता, काका?" जया म्हणाली.

मित्रांनो, औषध घ्यायचे की सोडायचे, हे डॉक्टरांनाच विचारा. माझ्यासारख्याला नको. आणि खोटे लिहिलेले दिसले तर लिहिणाऱ्याची वाट पाहू नका, पुसून टाका. माझ्यावर पाण्याची वेळ अजून लिहितात. जया ती वाचते, तरी आधी नळ सोडून बघते. तिच्याकडे पाहण्याचे मला धाडस होत नाही.

भाऊराव ९ जून २०२० रोजी सकाळी वारले.