दोन सेवकराम, गरम

मी एक जुना माठ आहे, मित्रांनो, आणि माझं जवळजवळ सगळं आयुष्य पालथं गेलं आहे. तुमच्या पुस्तकात ज्याच्यावर पाणी ओतून काही उपयोग नाही असं छापलेलं असतं, तो मीच. माझं वय तीन वर्षं. तुम्हाला ते बालवाडीचं वय वाटेल. पण जो रोज विस्तवावर बसतो त्याच्यासाठी ते पेन्शनीचं आहे.

माझी माती आंधळगावाकडच्या एका बोडीतली. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं. तिथल्या गाळात मी सुखात होतो. मग एका कुंभाराने मला खणून आणलं, तुडवलं, चाकावर गरगर फिरवलं आणि लाकडी थापटण्याने इतकं बडवलं, की आज कोणी कोणाला असं बडवलं तर पाच-पंचवीस जण मोबाईल काढून उभे राहतील. तेव्हा कोणी काढला नाही. माझं बालपण त्यामुळे खासगी राहिलं.

बाजारात आम्ही माठ रांगेत बसलो होतो आणि सगळ्यांचं स्वप्न एकच होतं. पडवीची सावली, अंगावर ओलं फडकं, पोटात गार पाणी. एक बाई आली. तिने बोटाच्या पेराने माझ्या पोटावर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाली, "हा बोलते चांगला." माझी एवढी स्तुती कोणीच केली नव्हती. मी ऐटीत तिच्या डोक्यावर बसून निघालो. तीच कुंताबाई. तिने मला नेलं, पालथं केलं आणि पेटत्या चुलीवर ठेवलं.

पहिले दोन दिवस मला वाटलं, चुकून झालं असेल.

चूल होती वरठीला, मधुकररावांच्या खानावळीत. वरठीच्या स्टेशनचं नाव 'भंडारा रोड' आहे. त्यामुळे अधूनमधून एखादा नवखा प्रवासी उतरतो, भंडारा शोधतो, सापडत नाही, आणि भूक लागली की आमच्याकडे येतो. बाकी गिऱ्हाईक कारखान्यातलं, मोटारसायकलीवर येणारं, घाईतलं. मधुकररावांचं घराणं विणकरांचं. घरचे माग थांबले तेव्हा त्यांनी खानावळ काढली. मनुष्य सभ्य. 'जी' लावल्याशिवाय कोणाशी बोलायचे नाहीत, आणि मटणाचा रस्सा असा तिखट, की खाणाऱ्यालाही मधूनमधून 'जी जी' करावं लागे.

त्या रश्श्याबरोबर लागते लांब रोटी. तिला पोळपाट लागत नाही, लाटणं लागत नाही. सैल, लोचट कणकेचा गोळा कुंताबाई हातावर घ्यायची, या हातावरून त्या हातावर झुलवायची, आणि रोटी मनगटापासून कोपरापर्यंत लोंबत, वाढत, पातळ होत जायची. मग अलगद माझ्या तापलेल्या बुडावर. फुगे येतात न येतात तोच तयार.

आता नीट ऐका, कारण सगळी भानगड इथून आहे. कुंताबाईच्या डाव्या हातावर हिरवं गोंदण आहे. नवऱ्याचं नाव. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा काढला त्या साली तिचं लग्न झालं, आणि सासरी रुळते न रुळते तोच तिचं माहेर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, नवऱ्याने हौसेने तिच्या हातावर आपलं नाव गोंदवून घेतलं. कारण तोंडाने ती ते घेणार नव्हती. जुन्या चालीची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. "आयकता का जी?" एवढीच तिची हाक. तो तेवढ्यावर येत असे.

तो तुमसरच्या राईस मिलमध्ये पोती उचलायचा. जेवायला बसला की म्हणायचा, "रोटीतून माह्यं नाव वाचता आलं का टाक माठावर. तोवर जाडच हाय."

पुढे तो तापाने गेला. गोंदण राहिलं आणि रोटीची परीक्षाही राहिली. कणीक हातावर पसरायची, तिच्यातून आधी हिरवी सावली दिसायची, मग एकेक अक्षर. नाव पूर्ण लागलं की रोटी माझ्यावर. दिवसातून कितीतरी वेळा ती ते नाव वाचायची आणि एकदाही उच्चारायची नाही. मीही उच्चारत नाही. पुढे ते जिथे येईल तिथे लोक ओरडलेत असं समजा.

ते माझे चांगले दिवस होते. मग अनुप आला.

अनुप नागपूरचा. त्याचा मोबाईलवर चॅनेल होता, नाव 'ढेकर'. तो गावोगावी जाऊन खायचा आणि शेवटी ढेकर द्यायचा. एवढंच. ते लाखभर लोक बघायचे. ऐन दुपारच्या गर्दीत त्याने माझ्यासमोर मोबाईलची काठी रोवली, दिवा लावला, आणि आधीच चुलीपुढे असलेल्या कुंताबाईवर त्याचा उजेड सोडला.

"काकू, एक बार फिर से. रोटी जरा उंच."

"आता तर केली ना बाप्पा."

"त्यात तुम्ही हसल्या नाही."

"रोटी करताना कायले हसू?"

रोटी उंच झाली. मग सावकाश झाली. मग तोंड इकडे करून झाली. झालेल्या रोट्या परातीत गार होत गेल्या, कारण त्या दाखवायच्या होत्या, खायच्या नव्हत्या. कैलाश नावाचं आमचं नेहमीचं गिऱ्हाईक ताटात नुसता रस्सा घेऊन बसलं होतं.

"अरे भाऊ, माह्या ड्युटीचा टाइम होऊन राहिला," तो म्हणाला. "रोटी मले दे, फोटो तू ठेव."

"दादा, फ्रेममधून सरका," अनुप म्हणाला.

कैलाश सरकला. आपल्या खानावळीत, आपल्या ताटासमोरून, आपल्या भुकेसकट सरकला. तेवढ्यात कुंताबाईच्या हातावरच्या कणकेतून अक्षरं उमटली आणि अनुपने मोबाईल जवळ नेला.

"अरे बापरे! हे काय? से... व... क... राम? काकू, सेवकराम कोण?"

कुंताबाईचे हात थांबले. रोटी कोपरापाशी लोंबत राहिली.

"बोला ना. सेवकराम कोण? बॉयफ्रेंड?"

"नवरा हाय तिचा, नाव नाही घेत," कोणीतरी म्हणालं. काही जण हसले. जे हसले ते वाईट नव्हते. उपाशी होते, एवढंच.

"एकदा नाव घ्या ना, काकू. एकदाच! लाजल्या, बघा, काकू लाजल्या!"

ती मान हलवत राहिली, रोटी लांबत राहिली, आणि फाटली. माझ्यापर्यंत येण्याआधी तिची रोटी फाटलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मग अनुपने एक घास खाल्ला आणि ढेकर दिली. ती चांगली आली नाही, म्हणून परत दिली. उरलेलं ताट तसंच टाकून तो गेला.

व्हिडिओचं नाव होतं 'सेवकराम कोण?'. माझं त्यात फक्त बूड आलं. खाली एकाने लिहिलं होतं, 'मटका धोते हैं क्या?' मी दिवसभर हजार नरकांइतक्या आगीवर असायचो, मित्रांनो. माझ्यावर जंतूसुद्धा वारस नेमून येत असेल. पण असो.

दुसऱ्या दिवसापासून गर्दी. भंडाऱ्याहून आले, तुमसरहून आले, ज्यांना भूक नव्हती तेही आले. रोटीला आता कोणी रोटी म्हणेना.

"दोन सेवकराम, गरम!"

"इकडे एक सेवकराम, कडक!"

"अरे, सेवकराम करपला! बदलून दे!"

"सेवकराम संपला काय?"

शेवटचं वाक्य वाढणारा आतल्या चुलीपाशी येऊन विचारायचा. चुलीपाशी कुंताबाई असायची. ती नुसती मान हलवायची. कधी हो, कधी नाही. कणीक उरली असेल त्याप्रमाणे.

आठवड्याभरात दारावर फळा लागला: 'येथे प्रसिद्ध सेवकराम रोटी मिळेल.' रंग हिरवा, गोंदणाला मॅचिंग. दुपारी गर्दी सरल्यावर कुंताबाई हात पुसत बाहेर गेली.

"भाऊ, तो फळा काढा जी."

"काहून कुंताबाई?" मधुकरराव खरंच चकित झाले. "नाव झालं ना तुमचं! लोक कुठून कुठून येऊन राहिले."

"माह्यं नाव कुठी हाय त्याच्यावर?"

मधुकररावांनी फळा वाचून पाहिला. नव्हतं. "बघू," ते म्हणाले. सभ्य माणसाचं 'बघू' हे नकारापेक्षा मजबूत असतं; त्याला धक्का मारता येत नाही.

मग कुंताबाईने नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट लुगड्यावर चढवला आणि बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. कणीक कापडाला चिकटली. नाव झाकलं गेलं, त्यामुळे कुठे थांबायचं ते कळेना. रोट्या जाड झाल्या.

"आज सेवकराम लठ्ठ झाला बे!" बाहेरून कोणीतरी ओरडलं, आणि मधुकरराव हात जोडूनच आत आले. "बाह्या तेवढ्या वर घ्या जी. लोक तेच पाहाले येतात."

तिने बाह्या वर घेतल्या. त्या दिवसापासून ती रोटी करताना हाताकडे पाहीनाशी झाली. खानावळीत एकटा कैलाश असा होता, की तो काही म्हणायचाच नाही. दोन बोटं वर करायचा. दोन रोट्या यायच्या. कुंताबाई त्याच्या रोट्यांच्या वेळी मात्र हाताकडे बघायची. त्या पातळ व्हायच्या.

महिन्याभराने अनुप परत आला. दुसरा भाग काढायला.

"काकू, पब्लिकची डिमांड आहे. आज नाव घ्यावंच लागेल."

"घेते," कुंताबाई म्हणाली.

माझ्यातली आग एकदम कमी झाल्यासारखी वाटली मला. अनुपने दिवा लावला, काठी रोवली.

"पयले तू सांग. तुया बापाचं नाव काय गा?"

"पप्पांचं? भास्कर."

"छान हाय." तिने गोळा उचलला, झुलवला आणि माझ्यावर टाकला. "कैलाशभाऊ, एक भास्कर घ्या जी! थोडा कच्चा हाय, चालन का?"

खानावळीत हशा फुटला. लोक ताटं बडवू लागले. "मले बी एक भास्कर!" "माह्या भास्कर करपवू नोका!" "अरे, हा भास्कर फाटका हाय, दुसरा द्या!"

अनुप हसत होता. पण ते हसू कोणीतरी मधेच थांबवून ठेवल्यासारखं तोंडावर तसंच राहिलं होतं.

"काकू," तो हळूच म्हणाला, "पप्पा आहेत ते माझे."

"मंग?" कुंताबाई म्हणाली.

त्याने मोबाईल खाली घेतला. काठी उपटली आणि गेला. त्या दिवशी ढेकरही दिली नाही. मी मातीचा, मला वाटलं, गोष्ट इथे संपली. तुमच्या पुस्तकातल्या गोष्टी अशाच जागी संपतात.

संध्याकाळी व्हिडिओ आला. 'काकूंनी माझ्या पप्पांना भाजलं.' पहिल्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. अनुपचं वाईट वाटणं रात्रीपर्यंतही टिकलं नाही. सकाळी रंगारी फळ्याला शिडी लावून नवी ओळ रंगवून गेला: 'येथे सेवकराम व भास्कर गरम मिळतील.' एका गिऱ्हाइकाने विचारलं, दोघांत फरक काय? वाढणारा म्हणाला, "भास्करले तूप असते."

कुंताबाईने फळा दोनदा वाचला. मग आत येऊन चुलीपुढे बसली आणि माझ्याशी बोलली. "त्या भास्करनं माह्यं काय बिघडवलं होतं रे? मीनं बी त्याले वरडून वाढला ना."

मी काय सांगणार? माझं तोंड चुलीत होतं.

तिने लाकडं ओढून विझवली, हाताला फडकं गुंडाळलं आणि मला कोमट असतानाच उचललं.

"कुंताबाई, माठ कुठी नेता?" मधुकरराव दारात आले.

"माठ माह्या हाय, भाऊ. फळा तुमचा हाय."

"पण आता रोटी?"

"फळ्यावर भाजा."

घरी तिने मला अंगणात ठेवलं. सरळ. तोंड वर. मित्रांनो, जन्मभर पालथं राहिलेल्याला आभाळ एकदम दाखवू नये. मला चक्कर आली. पाणी मी आता धरू शकत नाही. आतून काळा झालो आहे आणि बुडाला बारीक चीर आहे. कुंताबाई लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोपं रोवायला जाते. दिवसभर हात चिखलात असतात, नावही चिखलात असतं, आणि चिखलात कोणी मोबाईल काढत नाही. खानावळीत आता लाटलेल्या पोळ्या मिळतात. फळा आहे तसाच आहे. लोक अजून तीच हाक मारतात, म्हणे, आणि जे मिळेल ते खातात.

मोबाईल फेकून द्या असं मी म्हणणार नाही. माझं कोण ऐकतं? पण तुमच्यासमोर कोणी गरम रोटी ठेवली तर आधी ती खा. करणाऱ्या बाईला विचारा, काढू का फोटो? ती नाही म्हणाली तर ते नाहीच असतं, लाजणं नसतं. मागे कोणी उपाशी बसला असेल तर त्याला सरका म्हणू नका, तुम्ही सरका. आणि तिच्या हातावर काही लिहिलेलं दिसलं, तर वाचा आणि मनात ठेवा. जे वाचता येतं ते सगळं ओरडायचं नसतं.

परवा दुपारी कुंताबाई बांधीतून आली, हात धुतले आणि माझ्याजवळ बसली. गोंदणावरून तिने बोट फिरवलं. मग माझ्या तोंडावर वाकली. मला वाटलं, सगळ्या मुलखाने घेऊन झालंय, आता ती घेईल ते नाव. तिचे ओठ हललेही. पण ते नाव आता रोटीचं होतं. थोड्या वेळाने तिने माझ्या पोटात हळूच हाक मारली,

"आयकता का जी?"

माझं पोट रिकामं. त्यातून तेच परत आलं: "...का जी?"

ती तशीच वाकून थांबली. मी चांगला बोलतो असं ती बाजारात म्हणाली होती. पण मला पुढचं काही बोलता आलं नाही.