पडण्याची नोकरी

पडेलबाईला पडायची भीती कधीच नव्हती. तिला भीती होती ती कुणीतरी झेलेल याची.

काम म्हटलं तर सोपं. उंच जागी चढायचं आणि पडायचं. कधी गच्चीवरून, कधी रंगाऱ्यांच्या परांचीवरून, एकदा तर घड्याळाच्या मनोऱ्यावरून. तिला लागत नसे. लहानपणी झाडावरून दगडावर पडली, तेव्हा दगडाला चीर गेली आणि घरच्यांनी आधी दगडाकडेच पाहिलं. बाकी तिच्यात अलौकिक म्हणावं असं काही नव्हतं. दोन जिने चढली की धाप लागायची, बरणीचं झाकण घट्ट बसलं की दुसऱ्याला हाक मारावी लागायची. "माझी ताकद आपटण्यापुरतीच," ती म्हणायची. रोजचं काम पडायचं आणि चेहराही तसलाच, म्हणून पडेलबाई हे नाव तिला दोन्ही बाजूंनी चिकटलं होतं.

ती पडत असताना खाली एका बंद गाडीत बसलेली माणसं रस्त्याकडे डोळे लावून असत. रस्त्यावरचे बहुतेक जण किंचाळत, तोंडावर हात घेत. पण एखाद्या रस्त्यावर एखादा असा निघे, जो जमिनीवरून सरळ वर उडायचा, नाहीतर पापणी लवायच्या आत रस्ता ओलांडून तिला अलगद झेलायचा. तोच त्यांना हवा असे. असल्या माणसांना हुडकायची दुसरी रीत सरकारला सापडली नव्हती. ही माणसं आपलं गुपित वर्षानुवर्षं पोटात ठेवत, बायकोलासुद्धा पत्ता लागू देत नसत. पण डोळ्यांदेखत कुणी पडलं की त्यांचे हातपाय त्यांचं ऐकत नसत. धावला तो अडकला. मग त्याला इथे आणायचे, दारावर 'पाणी तपासणी केंद्र' अशी पाटी असलेल्या इमारतीत, आणि कामाला जुंपायचे.

कुणीच धावलं नाही, तर पडेलबाई डोळे मिटून रस्त्यावर पडून राही आणि खात्याचीच रुग्णवाहिका येऊन तिला उचलून नेई. तोवर अनोळखी लोक तिच्यासाठी रडून घेत. कुणी डोक्याखाली ओढणी सरकवायचं, कुणी म्हणायचं, "बिचारीच्या घरी कोण असेल." इतक्या वेळा मेल्यावर तिला रडण्याच्या तऱ्हा कळायला लागल्या होत्या. तो दिवस तिला चांगला वाटे. कुणी सापडलं नाही म्हणजे आज कुणाचं घर बसलं नाही.

मामा तिलाच झेलून इथे आले होते. मामा म्हणजे पूर्वीचे रंगारी. लोकांसमोर शिडी लावायचे, आणि लोक जेवायला गेले की शिडी सोडून हवेतच उभं राहून छताचे कोपरे रंगवायचे. आता खातं त्यांच्या कमरेला तार बांधून त्यांना पतंगासारखं वर सोडायचं, परक्या इमारतींच्या खिडक्यांबाहेर ऐकायची यंत्रं चिकटवायला. पहिल्यांदा ते जेवणघरात आले तेव्हा पडेलबाईने मान वर केली नाही. तेच ताट घेऊन तिच्या शेजारी येऊन बसले.

"सरका जरा. आणि पुढच्या वेळी कमी जेवून पडत जा. खांदा गेला माझा."

तेव्हापासून दोघं धुलाईच्या खोलीत चादरींच्या घड्या एकत्र घालत. तिला या इमारतीत एवढंच माहेर होतं.

एकदा तिने पडायला नकार देऊन पाहिला होता. साहेबांनी आवाज चढवला नाही. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यांना पित्ताचा त्रास होता, दिवसभर गरम पाणी पीत असत. "ठीक आहे," ते म्हणाले, "तुम्हाला नको असेल तर ज्याला लागतं असं कुणीतरी पाठवू." आणि पाठवलं. ते तिला गाडीत बसवून बघायला लावलं. त्यानंतर ती नाही म्हणाली नाही.

तर त्या दिवशी साहेबांनी तिला खोलीत बोलावलं आणि भिंतीवर एका रस्त्याचं चित्र टाकलं.

"हा नवा रस्ता. इथे तिसऱ्या मजल्यावरून काचेचं तावदान निखळलं, खाली बाबागाडी होती. तावदान हवेत थांबलं म्हणतात. लोक काय वाट्टेल ते म्हणतात म्हणा, पण बघून घेऊ. संशय तिघांवर आहे. हा न्हावी, हा पाववाला, आणि ही चष्म्याच्या दुकानातली मुलगी."

मुलगी दारात उभी राहून काच पुसत होती. काम करताना जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर. दोन्ही कान जरा जास्तच पुढे आलेले, बापासारखे.

"चक्कर येते का?" साहेबांनी विचारलं. "पाणी घ्या."

"नाही. बघत होते, उंची किती आहे."

पकडली गेली तेव्हा पडेलबाईने सांगितलं होतं की मागेपुढे कुणी नाही. लेक तेव्हा बोबडं बोलायची, आणि धाकट्या बहिणीकडे होती. लेकीने उतू जाणारं दूध नुसत्या नजरेने भांड्याच्या काठावर थोपवून धरलेलं दोघी बहिणींनी पाहिलं होतं. तेव्हाच ठरलं होतं: काही झालं तर पोरगी मावशीची, आणि आई मोठ्या नोकरीवर बाहेरगावी. मोठी नोकरी हे खोटंही नव्हतं.

धुलाईच्या खोलीत तिने मामांना सगळं सांगितलं. मामा चादरीचं टोक धरून उभेच राहिले.

"आजारी पड," ते म्हणाले.

"मी? मला कधी सर्दी झाली नाही, मामा. आणि मी नाही गेले तर ते खऱ्या माणसाला ढकलतील. मग तर ती थोपवणारच. समोर कुणी खरंच मरतंय म्हटल्यावर कसली थांबते."

"मग?"

"मी विचार केलाय. ती लहान असताना तिला हसवायला मी माळ्यावरून उड्या मारायचे. धप्प म्हणायचे आणि पडायचे. पुन्हा पड, पुन्हा पड, म्हणून डोकं खायची. तिला ठाऊक आहे आईला लागत नाही. मेकअपवाली मला पांढऱ्या केसांचा टोप घालते, चष्मा घालते, कुणी ओळखू नये म्हणून. मी वर गेल्यावर ते सगळं काढून टाकीन आणि धप्प म्हणीन. तिला कळलं की ही आपली आई, की ती नजर आवरेल. लागणारच नाही त्याला कशाला थांबवायचं?"

मामांनी घडी छातीशी धरून विचार केला. "डोकं चालवलंस," ते म्हणाले. "साहेब बोंबलतील टोप काढला म्हणून."

"वाऱ्याने उडाला म्हणीन."

"आणि तिला आठवत नसेल तर?"

"ते आठवतं, मामा. बाकी काही नाही आठवलं तरी आई माळ्यावरून पडलेली आठवते."

मामा हसले, आणि तीही हसली. कितीतरी दिवसांनी तिला ताटातलं सगळं संपवावंसं वाटलं.

ठरल्या दिवशी गाडी सकाळीच निघाली. मेकअपवालीने तिच्या डोक्यावर पांढरा टोप चढवला, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, अंगात ढगळ कोट. "ताई, आज हसताय तुम्ही," ती म्हणाली. "मेकअपला तडे जातात, हसू नका."

साहेबांनी नेहमीची सूचना दिली. "ओरडायचं, म्हणजे लोक वर बघतील. पण शब्द नको."

चष्म्याच्या दुकानासमोरच्या इमारतीचं काम चालू होतं. चौथ्या मजल्याच्या सज्जाला कठडा नव्हता. पडेलबाई धापा टाकत वर पोचली आणि तिने खाली पाहिलं. न्हावी एका गिऱ्हाइकाची मान साबणाने माखत होता. पाववाल्याच्या दारात रांग होती. आणि तिची लेक दुकानाच्या पायरीवर येऊन एक चष्मा उजेडाकडे धरून बघत होती, भिंगावर ओरखडा राहिला की काय ते. किती उंच झाली होती. केस मावशीसारखे कापलेले. पडेलबाईला वाटलं, इथेच बसून राहावं आणि दिवसभर बघत राहावं. पण गाडीची काच खाली झाली होती.

तिने टोप उपटला, चष्मा फेकला, तोंडावरचा रंग बाहीने पुसला. मग कडेवर उभं राहून तिने घरच्या आवाजात, माळ्यावरच्या आवाजात सांगितलं, "धप्प."

आणि ती निघाली.

लेकीने वर पाहिलं. पडेलबाईने तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटलेली पाहिली. तेवढ्यात जमलं म्हणून तिचा जीव भांड्यात पडला. आता जमीन येईल, फरशी फुटेल, रुग्णवाहिका येईल.

जमीन आली नाही. हवेलाच तळ आला. मामांनी झेललं होतं तेव्हा खांद्याचं हाड लागलं होतं. इथे काहीच लागलं नाही. झोपलेल्या मुलाला कडेवरून गादीवर ठेवताना आपण श्वास धरतो, तसं सगळ्या रस्त्याने तिला धरलं होतं. हात लांब केला तर फरशीला टेकला असता, एवढंच अंतर राहिलं होतं. समोर लेक उभी, एका हातात पुसायचं फडकं, एका हातात गिऱ्हाइकाचा चष्मा, आणि डोळे पापणी न हलवता आईवर.

"सोड," पडेलबाई पुटपुटली. "पोरी, सोड मला. खाली बघ."

लेकीने सोडलं नाही. तिला हळूच पायांवर उभं केलं आणि मग म्हणाली, "आई." मोठ्याने नाही, पण रस्ता इतका गप्प झाला होता की पाववाल्याच्या रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. गाडीचं दार सरकलं. न्हावी वस्तरा उगारलेला तसाच उभा होता.

गाडीत लेकीच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली होती. हात मोकळे होते. हातांची कुणाला भीती नव्हती. पडेलबाई समोरच्या बाकावर बसली होती.

"मला माहीत होतं," लेक म्हणाली.

"काय?"

"तुला लागत नाही ते. धप्प म्हणालीस तेव्हाच ओळखलं."

"मग मध्ये कशाला पडलीस?"

"पडत तूच होतीस."

पडेलबाईला हसू आलं, आणि ते तोंडातच राहिलं.

"मावशीने शिकवलं होतं," लेक सांगू लागली. "कुणी पडलं, काही पडलं, की खाली बघायचं, पायाच्या अंगठ्याकडे. बाळाच्या वेळी एकदा चुकलं, तर मावशी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मग परवा शेजारचे आजोबा जिन्यावरून गडगडत आले. मी अंगठ्याकडे बघितलं. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, आई. मी ऐकलं ते. आजही मी तसंच करणार होते. वर कुणी म्हातारी चढलेली दिसली, तेव्हा मनाशी म्हटलंसुद्धा, बघायचं नाही." ती थांबली. "मग ती म्हातारी तू निघालीस."

म्हणजे टोप डोक्यावर राहू दिला असता तर. पडेलबाईने हे मनातसुद्धा पुरतं म्हटलं नाही. तिने सरकून लेकीचा हात हातात घेतला. हाताला भिंगं पुसायच्या औषधाचा वास होता. लेकीने विचारलं, "तिथे रोज काय करायचं असतं?" आणि तिने तिला जेवणघर, धुलाईची खोली, मामा, सगळं सांगितलं, गाव लागेपर्यंत सांगत राहिली.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी दोघींना खुर्च्या दिल्या.

"अपत्य असल्याचं तुम्ही कळवलं नव्हतं."

"राहून गेलं."

"हं." त्यांनी गरम पाण्याचा घोट घेतला. "मावशी आहेत म्हणे. त्यांना काही त्रास होणार नाही, तुम्ही दोघी नीट राहिलात तर. मुलीला वेगळ्या मजल्यावर ठेवू. जेवणाला भेटाल. रोज नाही, पण भेटाल. आणि बाई, आजचं तुमचं काम उत्तम झालं. टोप काढायची कल्पना कुणाची? पुढेही तसंच करू या. घरचं माणूस वर उभं असलं की लोक डोळे खाली घालत नाहीत, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं."

लेक पट्टीआडून आईच्या दिशेने मान वळवून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला. तिच्या खोलीच्या दाराला बाहेरून लावलेली कडी त्याने काढली, स्क्रू खिशात टाकले, आणि दार दोनदा उघडून-मिटून बघितलं.

"आता तुम्हाला बंद करायची गरज नाही म्हणाले साहेब," तो म्हणाला. "हवं तेव्हा बाहेर या."

"बरं," पडेलबाई म्हणाली, आणि कडीच्या भोकांतून खाली सांडलेला भुसा ओंजळीत गोळा करू लागली.