ओत्नियेलच्या आईची नोकेन

माझं नाव नोकेन. मला पिशवी म्हणालात तरी राग नाही. जाळी म्हणालात तर मात्र येईल. जावापासून फार दूर पूर्वेला, डोंगरांतल्या वामेनाच्या खोऱ्यात योसेपिना नावाच्या बाईनं झाडाच्या सालीचे तंतू मांडीवर वळून वळून मला विणलं. तिला तेव्हा सातवा महिना होता. मांडी सोलवटून निघाली, पण बाईनं घाई केली नाही.

दोन महिन्यांनी मऊ पानं अंथरून तिनं आपलं बाळ माझ्यात ठेवलं. माझा पट्टा तिच्या कपाळावर, बाळ पाठीवर आणि दोन्ही हात रताळ्यांच्या वाफ्यात मोकळे. तो ओत्नियेल. एवढं लाथा झाडणारं मूल मी दुसरं पाहिलं नाही. खरं सांगायचं तर दुसरं पाहिलंच नाही.

तो आठ वर्षांचा असताना हिवतापानं त्याचा बाप गेला. योसेपिनानं माझ्यातून रताळी बाजारात वाहून नेली आणि त्याला एकटीनं वाढवलं. तो दिवसभर अनवाणी चेंडूमागे. एकोणिसाव्या वर्षी जावातल्या एका फुटबॉल क्लबनं त्याला बोलावलं, तेव्हा आईनं भाजलेली रताळी भरून मला त्याच्या खांद्यावर अडकवलं. "विमानातच खाऊन घे. तिकडचं जेवण कसलं असेल कोण जाणे," एवढंच ती म्हणाली.

वसतिगृहात पहिल्याच दिवशी कुणीतरी खिदळलं, "अरे, हा तर जंगल बरोबर घेऊन आला!" ओत्नियेलही हसला, पण खोलीत गेल्यावर त्यानं मला कपाटाच्या तळाशी कोंबलं. मला फार लागलं ते. दोन वर्षं मी त्याच्या जुन्या मोज्यांच्या वासात काढली. त्यातले आठ महिने तो मैदान सोडून खोलीतच होता. गुडघ्याचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते, खेळणं विसर. तो रोज भिंतीला धरून उठाबशा काढायचा, कण्हायचा, पुन्हा काढायचा. मी रागावलेली होते, तरी प्रत्येक वेळी मनात म्हणायचे, आणखी एक, बाळा.

अखेर तो मैदानावर परतला. मग एकदा कपाटं साफ करायला सुरिपकाका आले. क्लबचे कपडे, बूट, चेंडू सांभाळणारा हा जावाचा म्हातारा. त्यांनी मला चेंडूंची जाळी समजून माझ्यात सात चेंडू भरले आणि मैदानावरून फरफटत नेलं!

ओत्नियेल सराव सोडून धावत आला. "काका, काय करताय हे! मी झोपायचो त्यात!"

"ह्यात? तू?"

"लहानपणी. आईच्या पाठीवर."

म्हातारा तिथंच खाली बसला. एकेक चेंडू काढून त्यानं माझ्यावरचं गवत झटकलं. "माफ कर पोरा. पण आईची एवढी वस्तू मोज्यांखाली कशी रे?"

ओत्नियेलनं मला उचलून खांद्याला लावलं. त्या दिवसापासून त्याचे बूट माझ्यात राहू लागले.

तिसऱ्या हंगामात त्याची पेनल्टी हुकली आणि क्लब हरला. तेव्हा उत्तरेकडच्या गॅलरीतून त्याच्या काळ्या रंगाला हिणवणारे माकडाचे आवाज सुरू झाले. परक्यांनी काढले असते तर गोष्ट वेगळी. हे तर कालपर्यंत त्याच्या नावानं ढोल बडवणारे आमचेच लोक. केळ्याचं साल त्याच्या पाठीवर येऊन पडलं. गुडघ्यासाठी न रडलेला माणूस त्या दिवशी न्हाणीघरात रडला. मग सगळं सामान माझ्यात भरून त्यानं आईला फोन लावला.

"मी येतोय. कायमचा."

आई म्हणाली, "ये की. पाय थकले म्हणून आलास तर डुक्कर कापीन, गावाला जेवण घालीन. तिकडच्या लोकांनी हाकललं म्हणून आलास तर रताळी उकडीन, आणि दोघं मिळून गुमान खाऊ."

त्यानं सामान पुन्हा बाहेर काढलं.

पुढच्याच सामन्यात नेमका त्याच गॅलरीसमोरचा कॉर्नर त्याच्या वाट्याला आला. आवाज पुन्हा सुरू. त्यानं चेंडू ठेवला आणि कमरेवर हात देऊन उभा राहिला. पंचांनी वेळकाढूपणाचं पिवळं कार्ड दाखवलं, तरी तो हलला नाही. मला त्याचा इतका अभिमान वाटला!

तेवढ्यात सुरिपकाका मला खांद्याला लावून बाकावरून उठले आणि लंगडत थेट त्याच्याजवळ गेले. मैदानात पाऊल टाकायची त्यांना परवानगी नव्हती.

"काका, मागे जा. नोकरी जाईल तुमची!"

"थांब रे. माझ्या गल्लीतले कोण कोण आहेत ते बघू दे." डोळ्यांवर हात धरून त्यांनी गॅलरी न्याहाळली आणि हाक मारली, "ए तुक्रिन! आईचा खोकला कसा आहे? आणि तू, पारजो! मुलीचं लग्न ठरलं का रे?"

तुक्रिनचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पारजोनं टोपी खाली ओढली. काका एकेकाला नावानं, अगदी प्रेमानं घरचं विचारत राहिले. कुणाची नजर वर होईना. आवाज आधी विरळ झाले, मग बंद पडले. तेव्हा कुठे ओत्नियेलनं चेंडूला पाय लावला. गोल झाला नाही. मला मात्र त्याच्या सगळ्या गोलांपेक्षा तो कॉर्नर मोठा वाटतो.

काकांना दोन महिने घरी बसवलं. ओत्नियेल त्यांच्या दारी गेला आणि त्यानं मला काकांच्या गळ्यात घातलं.

याला सहा वर्षं झाली. ओत्नियेल आता क्लबचा कप्तान आहे. तसले आवाज अजूनही कुठे कुठे निघतात, खोटं कशाला बोलू? पण तो खेळतो. मी सुरिपकाकांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असते. काकू माझ्यात कांदे-लसूण ठेवतात. मागच्या रविवारी ओत्नियेल जेवायला आला होता. त्यानं फोनवर आईला स्वयंपाकघर दाखवलं. तिनं मला लगेच ओळखलं.

"ही तिथं कशी? कुणाचं घर आहे ते?"

"आपलंच, आई."

"मग त्या घरच्या बाईला सांग, ओले कांदे भरू नकोस म्हणावं. धागा कुजतो."

माझीही तेवढीच विनंती आहे.